मालवणच्या पालकांस उत्तर : मॅटपेक्षा जोडीदार शोधा

मालवण तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी १५ वर्षांची असून नववीत शिकते. आधी ती कबड्डी खेळत असे आणि गेली २ वर्षे कुस्ती करते. तिचे वजन ५१.५ किलो आहे. यंदा शालेय स्पर्धेत ती जिल्ह्यात पहिली आली, पण विभागीय स्पर्धेत पहिल्याच लढतीत दीड मिनिटात १०-० अशी हरली. त्यानंतर तिने आशियाई अजिंक्यपद कुस्ती स्पर्धेतील महिलांच्या लढती पाहिल्या आणि आपल्याला तिथे खेळायचे आहे, असे घरात सांगितले. वडील विचारतात की, कोकणात राहून हे शक्य आहे का, तिला आत्ताच हरियाणात पाठवावे का, घराच्या अंगणात मॅट घालून द्यावी का, आणि पुढच्या वर्षी तिने ४९ किलो गटात उतरावे की ५३ किलो.

मी गेली २६ वर्षे रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर मुलामुलींना कुस्ती शिकवतो आहे. त्याआधी स्वतः मातीत लढलो आणि पुढे मॅटवरही उतरलो. माझ्या हाताखालच्या काही मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या, आशियाई स्पर्धेत मात्र अजून एकही उतरलेली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचे सारे मी शिखरावरून पाहून लिहिलेले नाही. वाट कुठे चढते, कुठे तुटते आणि आमची मुले नेमकी कुठे मागे पडली, हे जवळून पाहिलेल्या माणसाचे ते म्हणणे आहे.

आपण ४ प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या मते त्यांच्यामागे खरा प्रश्न एकच आहे. आपल्या मुलीला रोज अंगाला अंग लावून लढायला तिच्या वजनाच्या आणि तिच्यापेक्षा थोड्या सरस अशा किती मुली मिळतात? या प्रश्नाचे उत्तर हाती आले की मॅट, स्थलांतर आणि वजनगट या तिन्हींची उत्तरे बरीचशी आपोआप सुटत जातात. कुस्ती एकट्याने वाढत नाही. धावणे, दोरी चढणे, जोर-बैठका, सपाट्या हे सारे एकट्याने करता येते आणि ते केलेच पाहिजे. पण समोरच्याचा हात मनगटावर पडताच आपला खांदा कुठे जायला हवा, हे शरीराला शिकवायला दुसरे शरीरच लागते, आणि तेही दर वेळी तेच असून चालत नाही.

ती जिथे जाऊ इच्छिते ती स्पर्धा कशी असते, हे आधी नीट पाहू. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९७९ मध्ये जालंधरला पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीने सुरू झाली. १९८३ मध्ये ग्रीको-रोमन आणि १९९६ मध्ये महिलांची कुस्ती तिच्यात आली. आज पुरुष फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन आणि महिला अशा तिन्ही विभागांत प्रत्येकी १० वजनगट असतात आणि प्रत्येक गटात एका देशाचा एकच खेळाडू उतरतो. म्हणजे भारतातून वरिष्ठ महिलांच्या फक्त १० जणी जातात आणि एका वजनगटात सगळ्या देशातून एकच. भारतीय महिलेला या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक २०१८ मध्ये बिश्केकला ६५ किलो गटात नवजोत कौरने मिळवून दिले. त्यानंतर २ वर्षांनी, २०२० मध्ये, दिल्लीत दिव्या काकरान, सरिता मोर आणि पिंकी या तिघींनी एकाच स्पर्धेत सुवर्णपदके जिंकली. ज्या सभागृहात त्या लढल्या त्याला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव आहे, हे आपल्या मुलीला अवश्य सांगा. २०२५ मध्ये अम्मानला मनीषा भानवालाने ६२ किलो गटाची अंतिम लढत ८-७ अशी, एका गुणाने जिंकली. या पातळीवर अंतर किती कमी असते, ते या आकड्यावरून कळेल.

वरिष्ठ गट आपल्या मुलीसाठी अजून काही वर्षे दूर आहे. पण १५, १७, २० आणि २३ वर्षांखालील गटांच्याही वेगळ्या आशियाई स्पर्धा होतात आणि वय जन्मवर्षावरून धरले जाते. तिच्यासाठी पहिले खरे दार १७ वर्षांखालील गटाचे आहे. तिथे पोहोचण्याची वाट जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा आणि त्यानंतर निवड चाचणी अशी असते. चाचणीला कोणाला बोलवायचे याचे निकष त्या त्या वेळी ठरतात आणि बदलतात, म्हणून दर वर्षी ते नव्याने विचारून घ्यावेत. राष्ट्रीय पदकाशिवाय मात्र चाचणीचा विचार करण्यात अर्थ नाही, असेच धरून चाला.

आता त्या १०-० कडे येऊ. आपण पत्रात ते लाजेने लिहिल्यासारखे वाटले. तसे लिहिण्याचे काहीच कारण नाही, कारण आपल्या प्रश्नातली सर्वांत उपयोगी माहिती तीच आहे. फ्रीस्टाइलमध्ये आणि महिलांच्या कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते. प्रतिस्पर्ध्याला खाली नेऊन ताबा मिळवला की २ गुण मिळतात, आणि खाली असताना तिची पाठ मॅटकडे वळवली की प्रत्येक वेळी आणखी २. आता हिशेब करा. एक पट, म्हणजे पाय धरून खाली पाडण्याचा डाव, बसला, मुलगी खाली गेली, समोरचीने घोटे एकमेकांत अडकवून किंवा कमरेला विळखा घालून तिला ४ वेळा फिरवले, की १० गुण पूर्ण झाले. चूक एकच झाली, पण खाली गेल्यावर काय करायचे ते ठाऊक नसल्यामुळे एका चुकीचे १० गुण गेले. मी पाहिलेल्या कोकणातल्या मुलींच्या बहुतेक मोठ्या हारी अशाच झाल्या आहेत. त्या ताकदीत कमी नव्हत्या. खाली कसे सपाट व्हायचे, कोपरे कशी आवळायची, नितंबांचा भार कुठे टाकायचा आणि पहिला विळखा पक्का होण्याआधीच तो कसा फोडायचा, हे त्यांच्या अंगात मुरले नव्हते, कारण त्यांना रोज कोणी फिरवतच नव्हते. पुढचे ३ महिने सरावातला अर्धा वेळ फक्त खाली बसून बचाव करण्याला द्या. मुलीला हे कंटाळवाणे वाटेल. तरीही द्या.

शालेय स्पर्धांच्या रचनेत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे जिल्हे कोल्हापूर विभागात मोडतात. त्यामुळे जिल्ह्यात पहिली आलेली आपली मुलगी विभागात थेट कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या मुलींसमोर उभी राहते. ज्या शहरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, जिथे गल्लोगल्ली तालमी आहेत, तिथल्या मुलीने तिच्याच वयात कितीतरी वेगवेगळ्या जोडीदारांशी लढून घेतलेले असते. अनेक पालकांना हा अन्याय वाटतो. मला तो आपल्या मुलीचा मोठा फायदा वाटतो. रायगडची मुले शालेय स्पर्धेत मुंबई विभागात खेळतात, म्हणून माझ्या मुलींना ही कसोटी एक पायरी उशिरा, राज्य स्पर्धेत लागते आणि तोवर वर्ष संपत आलेले असते. आपल्या मुलीला कोल्हापूरची कुस्ती घाट ओलांडताच भेटते.

कबड्डीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या बाबतीत हे लागू पडते. कबड्डी खेळलेल्या मुलीचे पाय चपळ असतात, घोट्याची पकड तिला उपजत यावी तशी येते आणि अंगाला अंग भिडण्याची भीती उरलेली नसते. एकेरी पटाचा पाया यातच आहे. पण २ सवयी तिला सोडाव्या लागतात. पहिली सवय मान खाली घालून झेपावण्याची. कबड्डीत मागून हात धरलेल्या सहकाऱ्यांची साखळी धावून येते, मॅटवर मात्र ती एकटी असते आणि खाली गेलेली मान समोरचीच्या हाती आयती सापडते. दुसरी सवय अधिक खोल रुजलेली असते. कबड्डीत चढाई करणारी खेळाडू अडचणीत आली की रेषेकडे धाव घेते, कारण रेषा गाठली की ती सुटते. कुस्तीत दाब आला की हीच मुलगी नकळत कडेकडे सरकते आणि वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरचीला १ गुण मिळतो. लढतीच्या वर्तुळाचा व्यास ९ मीटर असतो आणि त्याच्या आतला शेवटचा १ मीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा, नारिंगी असतो. माझ्याकडे येणाऱ्या कबड्डीच्या मुलींना मी पहिले काही आठवडे त्या पट्ट्यात उभे करूनच लढायला लावतो. पाठीमागे जागा नाही अशा स्थितीत बाजूला वळून मध्याकडे कसे परतायचे, हे एकदा पायांना कळले की पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

आपल्या भागात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे मासळीचे जाळे, ओढणाऱ्या घरांतल्या मुलींच्या पंजात आणि पाठीत जी ताकद असते ती व्यायामशाळेत सहजी मिळत नाही. आपली मुलगी तशा घरातली असेल तर ते काम तिने आनंदाने करावे. ओल्या वाळूवर धावण्यानेही पोटऱ्या आणि घोटे चांगले तयार होतात. मात्र आठवड्यातून २ वेळा धावणे पुरे. रोज वाळूत धावणाऱ्या मुलांच्या टाचेच्या शिरा दुखावलेल्या मी पाहिल्या आहेत.

अंगणातल्या मॅटविषयी माझे मत स्पष्ट आहे : ती घेऊ नका. स्पर्धेची मॅट १२ मीटर लांब आणि तितकीच रुंद असते. ती कोणत्याही घराच्या अंगणात मावत नाही आणि लहान तुकडे घातले तर कडेचे भान येत नाही. त्याहून मोठी अडचण आपल्या हवेची आहे. जून ते सप्टेंबर मॅटच्या खालच्या बाजूला ओल धरते, तिला बुरशी येते आणि महिन्याभरात वास सुटतो. शाळेच्या सभागृहातली मॅट सांभाळतानाही आम्हाला पावसाळ्यात दर आठवड्याला ती उचलून उभी करून वाळवावी लागते. पण हे सारे जमले, तरी त्या मॅटवर ती कोणाशी लढणार? जेवढे पैसे मॅटला लागतील तेवढ्यात ती वर्षभर सुट्टीच्या दिवशी घाट चढून कोल्हापूरला जाऊन येईल. मालवणहून कणकवलीमार्गे फोंडा घाटाने पहाटे निघालात, तर सकाळचा नसला तरी संध्याकाळचा सराव मिळतो आणि रविवारी सकाळचा करून परत येता येते. महिन्यातून असे २ शनिवार-रविवार आणि मे महिन्याची व दिवाळीची सुट्टी पूर्ण तिकडे घालवली, तर तिला वर्षभरात किमान १५-२० वेगवेगळ्या मुलींचे हात ओळखीचे होतील. मी माझ्या मुलींसाठी हेच करत आलो आहे. अलिबाग, पेण, पनवेल या बाजूला गावदेवीच्या जत्रांत कुस्त्यांचे फड पूर्वीपासून लागतात, तरी मॅटवरच्या मुली कमीच. म्हणून आम्ही कधी ठाणे-कल्याणकडे जातो, कधी पुण्याकडे.

एक पर्याय गावातच आहे. तो अनेक पालकांना रुचत नाही, तरी लिहितो. शाळेतल्या तिच्या वजनाच्या, किंबहुना २-३ किलो कमी वजनाच्या मुलग्यांशी, प्रशिक्षक आणि एक मोठी बाई समोर असताना, तिने सराव करावा. हरियाणात अनेक मुली अशाच घडल्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी गावात कुजबुज झाली. मुलींच्या आयांना आम्ही रोज सरावाला येऊन बसायला सांगितले. पुढच्या वर्षी त्याच आया इतर मुलींना घेऊन आल्या.

मातीचा आखाडा आपल्याकडे असेल तर तो सोडू नका. मातीत पाय जड पडतात, पकड घट्ट होते आणि दम वाढतो. फक्त मातीतली कुस्ती निकालाची वाट पाहू शकते, तर तिच्या गटातली मॅटवरची लढत २-२ मिनिटांच्या २ फेऱ्यांची असते आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. ज्याला मातीत डाव जुळवायला ५ मिनिटे लागतात त्याची मॅटवर लढतच संपून गेलेली असते. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा त्यांना मॅटचा सराव नव्हता. ४ वर्षांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. मधल्या काळात त्यांनी मातीचे बळ तसेच ठेवून मॅटचे गणित आत्मसात केले. आपल्या मुलीला करायचे आहे तेही हेच, आणि तिच्या हाती तेवढाच काळ आहे.

आता वजनगट. ५३ किलो. यात मला शंका नाही, पण कारणे सांगतो, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी आपल्याला ४९ चा सल्ला नक्की देईल. ५१.५ वरून ४९ वर यायचे म्हणजे अडीच किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळजवळ ५ टक्के कमी करायचे. प्रौढ, अनुभवी कुस्तीगीर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे करतात. १५ वर्षांच्या मुलीची उंची अजून वाढते आहे, हाडे भरत आहेत, मासिक पाळी नुकती स्थिरावते आहे. या वयात उपाशी ठेवलेले शरीर पुढे ते वसूल करते. आमच्या सहकारी प्रशिक्षिका मुलींची पाळी नियमित येते का, याची नोंद वजनाच्या नोंदीइतक्याच काळजीने ठेवतात, आणि २ महिने खंड पडला की डॉक्टरांकडे पाठवतात. आपल्या मुलीच्या आईनेही ही नोंद ठेवावी.

दुसरे कारण कोकणातल्या दमट हवेचे आहे, आणि घाटावरच्या प्रशिक्षकांना ते चटकन लक्षात येत नाही. घाम वाळताना शरीर थंड होते. आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी जाते, पण अंग थंड होत नाही. अशा हवेत प्लास्टिकचा सूट चढवून मुलीला धावायला लावणे जीवघेणे आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात ३ महाविद्यालयीन कुस्तीगिरांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. माझ्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका मुलाला स्पर्धेआधी दोन दिवस जवळजवळ पाण्याविना ठेवले होते. वजन उतरले, पण दुसऱ्या लढतीत त्याच्या मांड्यांना गोळे आले आणि त्याला उचलून बाहेर आणावे लागले. त्याच्या आईला तोंड दाखवताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. त्या दिवसानंतर माझ्या तालमीत १८ वर्षांखालील कोणाचेही वजन पाणी तोडून उतरवलेले नाही.

तिसरे कारण स्पर्धेच्या स्वरूपातच आहे. २०२० च्या दिल्लीतल्या स्पर्धेत एका वजनगटाच्या सगळ्या लढती एकाच दिवसात झाल्या. दिव्या काकरानने ६८ किलो गटात त्या दिवशी ४ लढती केल्या आणि चारही चितपट जिंकल्या. पाणी तोडून वजन केलेली मुलगी पहिली लढत कशीबशी काढते, चौथीला तिच्या अंगात काही उरत नाही. जागतिक आणि ऑलिंपिक स्पर्धेत तर गट २ दिवस चालतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन होते. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ३ लढती जिंकून अंतिम फेरीत पोहोचली होती आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. वरिष्ठ आशियाई आणि जागतिक स्पर्धेत वजन स्पर्धेच्या पोशाखातच घेतात आणि कपड्यांसाठी सवलत देत नाहीत. आपल्या मुलीने ५३ मध्ये उतरावे, सकाळी पोटभर न्याहारी करून उभे राहावे, आणि वर्षभरात अंगावर दीड किलो स्नायू चढवावेत. तिची उंची किती आहे हे आपण लिहिलेले नाही. ती ५ फूट ३ इंचांच्या पुढे गेली असेल तर दोन वर्षांत ५७ चाही विचार करावा लागेल.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर ती अडचण नाही. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, ताक आणि दोन वेळचा भात एवढे तिला पुरेल. एकदा रक्त तपासून हिमोग्लोबिन मात्र पाहून घ्या. मुली थकल्या की आपण त्यांना आळशी म्हणतो, आणि पुष्कळदा त्यांचे रक्तच कमी असते. दुकानात मिळणाऱ्या प्रथिनांच्या भुकट्यांपासून तिला दूर ठेवा. त्यांच्यात काय मिसळले आहे हे डब्यावर नेहमी पूर्ण लिहिलेले नसते आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यावर "मला माहीत नव्हते" या उत्तराने खेळाडू सुटत नाही. सर्दी-तापाचे औषधही डॉक्टरांना ती खेळाडू असल्याचे सांगूनच घ्यावे.

त्वचेची काळजी हा आपल्या हवेतला आणखी एक विषय आहे. गजकर्ण किंवा पुरळ अंगावर असेल तर वजनाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत खेळाडूला थांबवले जाते. माझी एक मुलगी वर्षभर मेहनत करून राज्य स्पर्धेला गेली आणि मानेवरच्या गजकर्णामुळे न लढता परत आली. सराव संपताच साबणाने अंघोळ, स्वतःचा वेगळा पंचा, रोज धुतलेले आणि पूर्ण वाळलेले कपडे आणि पावसाळ्यात गुडघ्याचे पट्टे इस्त्रीने वाळवणे, या गोष्टी तिला डावांइतक्याच पक्क्या लावा.

राहिला हरियाणाचा प्रश्न. तिथे जोडीदार भरपूर आहेत, यात वाद नाही. तरीही आत्ता पाठवू नका, असे मी म्हणेन. भाषा, जेवण आणि घर एकदम सुटलेली १५ वर्षांची मुलगी पहिले ६ महिने केवळ तग धरण्यात घालवते, आणि जिथे २०० मुली आहेत तिथे १०-० ने हरणाऱ्या नव्या मुलीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिने आधी विभागात ३ लढती जिंकण्याइतके तयार व्हावे. दहावीची परीक्षा संपली की राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी, मुंबईत कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र किंवा कोल्हापूर-पुण्याची एखादी निवासी तालीम, असे मार्ग खुले होतात. कुठेही पाठवण्याआधी आपण स्वतः २ दिवस तिथे मुक्काम करा. मुलींच्या निवासात रात्री जबाबदार बाई राहते का, तिच्या वजनाच्या आसपासच्या किमान ६ मुली आहेत का, दुखापत झाल्यावर कोणाकडे नेतात, आणि मुलगी आपल्याशी एकांतात फोनवर बोलू शकते का, हे पाहा. यातल्या कोणत्याही गोष्टीवर उत्तर टाळले गेले तर पदकांच्या भिंतीकडे न पाहता परत या. हे सारे मुलीच्या स्वभावावर आणि घरच्या परिस्थितीवरही अवलंबून आहे. घराबाहेर पहिल्या आठवड्यातच फुललेल्या मुली मी पाहिल्या आहेत, तशाच उत्तम खेळणाऱ्या पण परगावी कोमेजलेल्याही. म्हणूनच मे महिन्यातले २-३ आठवड्यांचे शिबिर आधी करून पाहावे, असे माझे सांगणे आहे. त्यात तिला काय जमते हे तिलाही कळेल.

तिला एक लढत दाखवा. २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरली होती. तिला हरवणारी रशियाची खेळाडू अंतिम फेरीत गेल्यामुळे नियमानुसार साक्षीला कांस्यपदकासाठी पुन्हा लढण्याची संधी मिळाली. त्या पदकाच्या लढतीत ती किर्गिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोवाविरुद्ध ०-५ अशी मागे होती आणि शेवटी ८-५ ने जिंकली. पण मी मुलींना ही लढत साक्षीसाठी जितकी दाखवतो तितकीच तिनिबेकोवासाठी. ५ गुणांची आघाडी आणि ऑलिंपिक पदक हातचे गेलेली ती मुलगी २०१९ मध्ये जगज्जेती झाली आणि टोकियोत तिने रौप्यपदक मिळवले. डोंगराळ आणि लहानशा देशातून ती येते. दीड मिनिटात हरलेल्या आपल्या मुलीला तिची गोष्ट साक्षीच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे मला वाटते.

विभागीय लढतीचे मोबाइलवरचे चित्रीकरण कोणी केले असेल तर ते मिळवा आणि मुलीसोबत बसून हळू गतीने पाहा. पहिला पट बसला तेव्हा तिचा कोणता पाय पुढे होता, तिचे डोळे कुठे होते, आणि खाली गेल्यावर समोरचीने तिला घोट्यांनी फिरवले की कमरेने, या ३ गोष्टी मला कळवा, आणि सोबत तिची उंचीही. घोट्यांनी फिरवले असेल तर सराव वेगळा द्यावा लागेल आणि कमरेने फिरवले असेल तर वेगळा. पुढचे ३ महिने रोज संध्याकाळी तिने नेमके काय करावे, ते मी त्यावरून लिहीन.